परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

आयुष्यात परीक्षक होण्याचा मान मला एकदाच मिळाला आणि तोही लिफ्ट बंद असल्यामुळे.

मी राहतो डोंबिवलीत, पाचव्या मजल्यावर. लिफ्ट बंद असली की माझे दोन थांबे ठरलेले आहेत. पहिला दुसऱ्या मजल्यावर, दम घ्यायला. दुसरा चौथ्या मजल्यावर, आपण पाचव्या मजल्यावर घर का घेतलं याचा विचार करायला. त्या रविवारी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन पहिल्या थांब्यावर पोचलो, तर सोसायटीच्या ऑफिसात कमिटीची मीटिंग चालली होती. दार उघडं होतं. मी आत गेलो नसतो, पण आत पंखा होता.

"या, या, तुमचीच वाट बघत होतो," सेक्रेटरी म्हणाले.

सोसायटीत असं स्वागत झालं की आधी मेंटेनन्स आठवायचा असतो. मी मनातल्या मनात महिने मोजले. भरलेले होते.

विषय वेगळाच निघाला. सोसायटीला पंचवीस वर्षं होत होती. रौप्यमहोत्सव म्हटला की सत्यनारायण, जेवण आणि गुडघेदुखीवर व्याख्यान एवढ्यात भागतं. पण आमचे सेक्रेटरी शेजारच्या सोसायटीच्या कार्यक्रमाला जाऊन आले होते आणि तिथं त्यांनी एक भयंकर गोष्ट पाहिली होती. त्या सोसायटीला लोगो होता. आमंत्रणावर लोगो, टोपीवर लोगो, पाण्याच्या बाटलीवरसुद्धा लोगो. तेव्हापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. एका जाहिरातवाल्याला विचारून झालं होतं. त्याने पंधरा हजार सांगितले, वर जीएसटी. खजिनदार तो आकडा तोंडाने उच्चारायलाही तयार नव्हते.

"एवढंसं तर असतं ते," अंगठा आणि तर्जनी जवळ आणत ते म्हणाले. "एवढ्याशाला एवढे? त्यापेक्षा मुलांची स्पर्धा ठेवू. मुलं फुकट काढतात."

"आणि सुप्त गुणांना वाव मिळेल," चेअरमन म्हणाले.

सुप्त गुणांना वाव हे शब्द कुठेही कानावर आले की खुशाल समजावं, कुणाचे तरी पैसे वाचतायत.

"पण परीक्षक? चित्रकलेतलं आहे का कोणी आपल्यात?"

इथं माझी चूक झाली. पंख्याचा वारा लागला होता, पिशव्या खाली ठेवल्या होत्या, माणूस बेसावध होतो. मी म्हणालो, "मी इंटरमिजिएट पास आहे."

"सीए इंटर?" खजिनदारांचे डोळे चमकले. त्यांना ऑडिटला माणूस हवाच होता.

"नाही हो. ड्रॉइंगची."

डोळे विझले. पण ठराव झाला.

आता माझ्या या पात्रतेबद्दल थोडं सांगायला हवं. शासनाच्या रेखाकला परीक्षा दोन, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांनी त्या दिल्या आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांना ट्रेसिंग पेपर पुरवला. या परीक्षांत वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं आणि संकल्पचित्र असतं. डिझाइनला संकल्पचित्र हा शब्द ज्याने काढला त्याला नमस्कार. आमच्या वर्गात संकल्प मुलांचा असे आणि चित्र सरांचं. सरांनी सगळ्यांकडून एकच डिझाइन घोटून घेतलं होतं. प्रश्नात चौकोन येवो नाहीतर वर्तुळ येवो, मधे कमळ आणि भोवती चार पोपट. एक चतुर्थांश काढायचा, ट्रेसिंग पेपरवर उतरवायचा, उरलेल्या तीन जागी घासून उमटवायचा. शेवटी काळ्या पोस्टर कलरची आउटलाइन. "काळी आउटलाइन सगळं पोटात घेते," असं सर म्हणायचे. ऐन परीक्षेत माझा ट्रेसिंग पेपर एकदा उलटा पडला. त्यामुळे तीन पोपट कमळाकडे बघत होते आणि चौथा पर्यवेक्षकांकडे. त्याचं सगळं लक्ष ते कधी बाहेर जातात याकडे असावं. मला सी श्रेणी मिळाली. आता इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ए असेल तर ७, बी असेल तर ५ आणि सी असेल तर ३. आमच्या वेळी तसलं काही नव्हतं. माझ्या चौथ्या पोपटाने शासनाचे तीन गुण वाचवले.

तर असा मी परीक्षक. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला:

"बोधचिन्ह स्पर्धा. वयोगट ६ ते १४. विषय: आपली सोसायटी, आपली ओळख. ए-४ कागद. साहित्य स्वतःचे आणावे. बोधचिन्हातून एकता, स्वच्छता, पर्यावरण, पाणीबचत, ज्येष्ठांचा आदर व सोसायटीची पंचवीस वर्षांची उज्ज्वल वाटचाल दिसावी. प्रथम ५०१, द्वितीय ३०१, तृतीय २०१, उत्तेजनार्थ कंपासपेटी. सर्व स्पर्धकांना प्रमाणपत्र व वडापाव. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील."

खाली खजिनदारांनी पेनने वाढवलं होतं: "आलेले कागद परत मिळणार नाहीत. वडापाव फक्त स्पर्धकास."

परीक्षकाला भाषण करावं लागतं म्हणून मी अभ्यासाला बसलो. रात्री बारापर्यंत वाचत होतो. "परीक्षा मुलांची आहे ना?" हिने विचारलं आणि दिवा घालवला. पण तोवर बरंच हाती लागलं होतं, आणि पुढच्या मीटिंगमध्ये मी ते कमिटीवर ओतलं.

"बोधचिन्ह म्हणजे रांगोळी नव्हे," मी सुरुवात केली. "ते नखाएवढं करूनही कळलं पाहिजे. आपल्या रुपयाचं चिन्ह बघा. २०१० साली स्पर्धेतूनच निवडलं. मुंबईच्या आयआयटीत शिकणाऱ्या उदय कुमार यांचं. तीन हजारांवर प्रवेशिका होत्या. त्यांनी काय केलं? देवनागरी र घेतला, त्यातच रोमन आर दिसला, वर दोन रेघा. संपलं."

"बक्षीस किती होतं?" खजिनदार.

"अडीच लाख."

"रेघेला सव्वा लाख पडले." त्यांनी आमच्या पाचशे एककडे अभिमानाने पाहिलं.

"स्वच्छ भारतचं घ्या," मी पुढे रेटलं. "२०१४. कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी गांधीजींचा फक्त चष्मा काढला. चेहरा नाही, काठी नाही, चरखा नाही. तरी गांधीजी दिसतात की नाही?"

"बक्षीस?"

"पन्नास हजार."

"म्हणजे एका काचेचे पंचवीस."

"आपणही चष्मा घेऊ या का?" चेअरमन म्हणाले. "ज्येष्ठांचा आदर त्यातच येऊन जाईल."

मी विषय परदेशात नेला. तिथं तरी खजिनदारांचा हात पोचणार नाही असं वाटलं. अलास्कात १९२७ साली झेंड्यासाठी शाळकरी मुलांची स्पर्धा झाली. पोरांनी पांढरी अस्वलं काढली, मध्यरात्रीचा सूर्य काढला, सोनं गाळायच्या थाळ्या काढल्या. जिंकला बेनी बेन्सन नावाचा, अनाथालयात वाढणारा जेमतेम तेरा वर्षांचा मुलगा. त्याने निळ्या कापडावर आठ चांदण्या काढल्या. सप्तर्षी आणि ध्रुव. तोच झेंडा अजून फडकतोय.

खोलीत क्षणभर शांतता पसरली. मला वाटलं, जिंकलं.

"सप्तर्षी छान आहेत," चेअरमन हळूच म्हणाले. "कमिटीतही आपण सातच जण आहोत."

"आणि ध्रुव?"

चेअरमननी नम्रपणे मान खाली घातली.

"त्याला काय मिळालं?" खजिनदारांनी विचारलं.

"हजार डॉलर आणि घड्याळ."

"१९२७ चे हजार?" त्यांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला आणि मीटिंग संपेपर्यंत ते त्यातून बाहेर आले नाहीत.

कचऱ्याच्या डब्यावरचे एकमेकांच्या मागे लागलेले तीन बाण १९७० साली गॅरी अँडरसन नावाच्या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठीच काढले, हेही मी सांगणार होतो. पण तेवढ्यात ओला कचरा आणि सुका कचरा कोण एकत्र टाकतं यावर भांडण लागलं.

एक सूचना मात्र मान्य झाली. कागदावर नाव नको, फक्त क्रमांक. नाव बंद पाकिटात. मला वाटलं, आता कुणाची ओळखदेख आड येणार नाही. पण निनावी स्पर्धा घ्यायची तर लिफ्ट चालू असावी लागते. ती नव्हती, त्यामुळे मी रोज दोनदा पाच मजले चढत होतो आणि प्रत्येक मजल्यावर एक पालक उभा असायचा.

"सोळा नंबर बघितलात का?" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी अडवलं.

"वहिनी, नावं गुप्त आहेत."

"मी कुठं नाव सांगतेय? नंबर सांगतेय."

चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना आजवर मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी माझ्या दोन्ही पिशव्या घेतल्या, दारापर्यंत आणून ठेवल्या आणि जाता जाता फक्त "अकरा" एवढंच म्हणाले. बी-विंगमधून स्टीलच्या डब्यात खरवस आला. सोबत चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता, सगळं अगदी नियमाला धरून निनावी. पण आपल्याकडे स्टीलच्या डब्यावर झाकणासकट नाव कोरलेलं असतं. निनावी लाच देण्याची सोय आपल्या स्वयंपाकघरात नाही.

"परत पाठव," मी हिला सांगितलं.

"डबा पाठवते," ही खाता खाता म्हणाली. "खरवस इतका छान जमलाय, डिझाइनही चांगलंच असणार."

मुदत संपेपर्यंत एकतीस प्रवेशिका आल्या. म्हणजे तीस कागद आणि एक किल्ला. एका मुलाने दिवाळीचा किल्लाच पाटावरून आणून ऑफिसात ठेवला. स्पर्धा म्हणजे किल्ला एवढंच त्याला ठाऊक होतं. हळीव वाळून पिवळं पडलं होतं, एका बुरुजावर मावळा आणि दुसऱ्यावर प्लास्टिकचा डायनोसॉर पहारा देत होता. नियमात ए-४ कागद म्हटलं होतं. त्यावर मुलाने किल्ल्याखाली ए-४ कागद सारून ठेवला. हा मुलगा पुढे वकील होणार.

परीक्षणाचा दिवस उजाडला. टेबल टेनिसच्या टेबलावर मी कागद मांडले आणि हात मागे बांधून फिरू लागलो. परीक्षकाने असंच फिरायचं असतं, मधूनमधून "हं" म्हणायचं असतं. पहिल्या फेरीतच लक्षात आलं की आमच्या सोसायटीतली सहा वर्षांची मुलं विलक्षण पुढारलेली आहेत. प्रत्येक चित्राखाली दोन ओळींत संकल्पना लिहायची होती. अकरा नंबरखाली लिहिलं होतं: "माझ्या बालमनाला भावलेले सहजीवनाचे व सामाजिक सलोख्याचे प्रतिबिंब." अक्षर टाइप केलेलं, कागद ग्लॉसी, कडेला छापखान्याच्या कापणीच्या खुणा. मला राहवलं नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये त्या बालमनाला गाठलं.

"काय रे, लोगो तू काढलास?"

"रंग मी सांगितला."

"कुठला?"

"जांभळा."

मी वर जाऊन पुन्हा पाहिलं. जांभळा रंग कुठेच नव्हता.

सोळा नंबर भव्य होता. चार हात एकमेकांना धरून उभे, मधून उगवणारा सूर्य, सूर्यातून उडणारी कबुतरं, हातांवर सोनेरी झळाळी. हल्ली संगणकाला मराठीत दोन वाक्यं सांगितली की तो असलं काढून देतो, हे मलाही ठाऊक आहे. संगणकाचा हात उदार असतो. चार हातांना मिळून मी बोटं मोजली. सत्तावीस भरली. पुन्हा मोजली. सत्तावीसच.

बाकीच्यांत नऊ कमळं होती. सर गेले, पण त्यांचं कार्य चालू आहे.

आणि मग तेवीस नंबर आला. गणिताच्या चाचणीच्या कागदाची पाठकोरी बाजू. पेन्सिल आणि एकच लाल स्केचपेन. एक खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीला एका बाजूला कललेली आयताकृती पाटी आणि पाटीवर चार बोटं उंच अक्षरांत: "लिफ्ट बद आहे".

अनुस्वार चुकून राहिला नव्हता. आमच्या मूळ पाटीवरही तो नाही. बारा वर्षांपूर्वीच्या वॉचमनने ती रंगवली, तेव्हापासून ती तशीच आहे. आम्ही सगळे ती रोज वाचतो, रोज मनातल्या मनात अनुस्वार देतो आणि जिना चढतो. पोरीने तो दिला नव्हता. पाटी जेवढी डावीकडे कलते तेवढीच तिने कलवली होती.

खाली संकल्पना: "पाहुणे आले की पहिल्यांदा हे बघतात. मग सगळे एकत्र जिन्याने जातात. आज्यांची पिशवी कोणीतरी घेतं."

मी खुर्चीत बसून हसलो. मग नोटीस बोर्डावरची यादी आठवली आणि सावरून बसलो. एकता? सगळे एकत्र जातात. ज्येष्ठांचा आदर? पिशवी घेतात. पर्यावरण? वीज वाचते. पंचवीस वर्षांची वाटचाल? अक्षरशः वाटचालच, तीही पायी. शिवाय नखाएवढं केलं तरी खिळा, सुतळी आणि कललेली पाटी ओळखू येईल. बेनी बेन्सनच्या आठ चांदण्यांशेजारी ठेवावं असं काम माझ्यासमोर गणिताच्या पेपरच्या पाठीवर पडलं होतं. (पुढच्या बाजूला वीसपैकी नऊ होते.) मी पेन्सिलीने कोपऱ्यात एक आकडा घातला.

चेअरमननी तो पाहिला मात्र.

"अहो, हे बाहेर गेलं तर फ्लॅटचे भाव पडतील!"

डोंबिवलीत या मुद्द्यापुढे कलेचं काही चालत नाही. तरी मी ताठ उभा राहिलो. "नोटिशीवर काय लिहिलंय? परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील."

"अंतिमच आहे," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. "फक्त तो अजून झालेला नाही."

मग त्यांनी आठवण करून दिली की माझ्या बाल्कनीच्या ग्रिलचा अर्ज कमिटीपुढे आहे. सहज आठवलं म्हणून हो. मी टेबलाकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं. चाळीस वर्षांनी तो चौथा पोपट पुन्हा पर्यवेक्षकांकडे बघू लागला. तेवीस नंबरच्या कोपऱ्यातला आकडा मी खोडला आणि तिथं "उत्तेजनार्थ" लिहिलं.

पहिला आला सोळा.

"सत्तावीस बोटं आहेत," मी शेवटचा प्रयत्न केला. "चार हातांना वीस पुरतात. ही वरची सात कोणाची?"

"कमिटीची," चेअरमन म्हणाले.

पण स्पर्धा इथं संपली असं समजू नका. मुलांचं झालं की मोठ्यांचं सुरू होतं. निवडलेल्या चित्रात "किरकोळ सुधारणा" सुचवायला मीटिंग बसली. चेअरमनना पाण्याची टाकी हवी होती, कारण ती त्यांच्या कारकिर्दीत झाली. सेक्रेटरींना सीसीटीव्ही हवा होता, कारण तो त्यांच्या कारकिर्दीत झाला. गणपती हवाच, तो सगळ्यांच्या कारकिर्दीत होतो. पार्किंगसाठी तोडलेला आंबा हवा, निदान लोगोत तरी. सौर पॅनेल हवं. खजिनदारांना काहीच नको होतं, फक्त सोसायटीचा नोंदणी क्रमांक पूर्ण यायला हवा होता, कायद्याने लागतो म्हणून.

तेव्हा मी माझा राखीव दाखला बाहेर काढला. वॉशिंग्टनचं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक. १९८१ साली स्पर्धा झाली, १,४२१ प्रवेशिका, सगळ्या निनावी, नुसते क्रमांक. त्या मांडायला विमानांचा हँगर लागला. जिंकली माया लिन, वय २१, अजून कॉलेजात शिकणारी. तिच्या आराखड्यात पुतळा नव्हता, खांब नव्हता, तोफ नव्हती. जमिनीत उतरत जाणारी काळ्या दगडाची भिंत आणि तीवर मेलेल्या सैनिकांची नावं.

"बक्षीस?"

"वीस हजार डॉलर. पण ते सोडा. मुद्दा असा की तिने काही घातलं नाही. काढून टाकलं."

सेक्रेटरींनी तोवर मोबाइलवर फोटो शोधला होता. "अहो, पण इथं तीन सैनिकांचा पुतळा दिसतोय की."

"तो नंतरचा आहे," मी जरा पडेल आवाजात म्हणालो. "नुसती भिंत काय ठेवता, म्हणून काही मंडळींनी ओरड केली. मग १९८४ मध्ये जवळच पुतळा बसवला."

"आणि हा झेंडा?"

"तोही त्याच तडजोडीत."

"बघा!" चेअरमन म्हणाले. "म्हणजे वॉशिंग्टनमध्येही कमिटी आहेच. त्यांची टाकी नसेल, नाहीतर तीही घातली असती."

यावर मला आजपर्यंत उत्तर सापडलेलं नाही.

टाकी, गणपती, आंबा, पॅनेल, कॅमेरा, कबुतरं, सूर्य, सत्तावीस बोटं आणि चौदा आकड्यांचा नोंदणी क्रमांक घेऊन आम्ही स्टेशन रोडवरच्या रबर स्टॅम्पवाल्याकडे गेलो. त्याने कागद जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"हे सगळं दोन सेंटीमीटरमध्ये?"

"हो."

"टाकीवर गणपती बसेल, साहेब."

"बसू द्या. विसर्जनाची सोय होईल," खजिनदार म्हणाले. स्टॅम्प दीडशे रुपयांत झाल्यामुळे ते खुशीत होते.

स्टॅम्प आला आणि पहिल्यांदा मेंटेनन्सच्या पावतीवर उमटला. काळा, गोल, कडेला थोडी वेटोळी. काळ्या शाईने खरोखरच सगळं पोटात घेतलं होतं. सर असते तर त्यांनी ए श्रेणी दिली असती. त्या महिन्यात तीन सभासदांनी ऑफिसात येऊन विचारलं की पावतीवर सहीच्या जागी हा अंगठा कोणाचा आहे.

बक्षीस समारंभ छान झाला. मी भाषण केलं. त्यात बेनी बेन्सन घेतला, माया लिन वगळली. किल्लेवाल्या मुलाने दोन वडापाव मागितले. एक कागदाचा आणि एक किल्ल्याचा. मिळाले. सोळा नंबरच्या मुलाने पाचशे एकचं पाकीट वहिनींच्या हातात दिलं, ते त्यांनी जागेवर उघडून मोजलं. तेवीस नंबर निघाली सातव्या मजल्यावरची एक दहा वर्षांची मुलगी. स्टेजवर आली, कंपासपेटी घेतली, उघडून आतला कर्कटक नीट पाहिला, मिटवली.

"छान होतं हं तुझं चित्र," मी हळूच म्हणालो. पहिला नंबर न देता द्यायची दाद अशी हळूच द्यावी लागते.

"काका," तिने विचारलं, "लिफ्ट कधी चालू होणार?"

मी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री स्टेजच्या फळ्या परत नेताना मंडपवाल्याच्या पोराचा धक्का लागला आणि तळमजल्यावरची बारा वर्षांची ती पाटी खाली पडून दुभंगली. नवीन पाटीचे पेंटरने साडेतीनशे सांगितले. "एवढ्याशाला?" खजिनदार म्हणाले. मग ते ऑफिसात गेले. आलेले कागद परत मिळणार नाहीत असं त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं, त्यामुळे सगळे तिथंच होते. त्यांनी गठ्ठ्यातून तेवीस नंबर काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर दोन भोकं पाडली, सुतळी ओवली आणि जुन्याच खिळ्याला लटकवला. पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली यात त्यांचा जरा गोंधळ झाल्याने पहिले दोन दिवस लिफ्टवर वीसपैकी नऊ गुण दिसत होते. आता बरोबर आहे. थोडा डावीकडे कलतो.

लिफ्ट मागच्या गुरुवारी दुरुस्त झाली. कागद मात्र खजिनदारांनी काढू दिला नाही. शनिवारी तो पुन्हा लागलाच.